पुण्यात कायम ‘वादळ’: एका जुन्या प्रवासी हवामान-संचाचं प्रकरण

पेटी बकरीच्या हिरव्या चामड्याची, बंद असताना जाड रोजनिशीएवढी: १६ सेंटिमीटर लांब, ९ रुंद, साडेचार जाड. पुस्तकासारखी उघडली की डाव्या पानावर हवेचा दाब मोजणारा ॲनरॉइड बॅरोमीटर आणि त्याखाली बारकं होकायंत्र. उजव्या पानावर आठ दिवसांचं चावीचं घड्याळ आणि त्याखाली पाऱ्याचा तापमापक. बॅरोमीटरच्या तबकडीवर लंडनच्या दुकानदाराचं नाव, घड्याळाच्या तबकडीच्या तळाशी ‘स्विस मेड’. अशा संचांची रीतच ती होती. बॅरोमीटर इंग्लंडात बनायचा, घड्याळाचं यंत्र स्वित्झर्लंड किंवा फ्रान्समधून यायचं, चामड्याची पेटी तिसराच कारागीर करायचा आणि नाव लागायचं विकणाऱ्याचं. म्हणून तबकडीवरच्या नावावरून बनवणारा ठरवू नये.

संच पुण्यात शिवाजीनगर भागातल्या घरात. तक्रारी पाच. बॅरोमीटरचा काटा बारा महिने ‘स्टॉर्मी’वर, म्हणजे ‘वादळी’वर. घड्याळ चावी दिल्यावर तिसऱ्या दिवशी थांबतं आणि चालतं तेव्हा दिवसाला अकरा मिनिटं पुढे जातं. होकायंत्राचं निळं टोक दक्षिण दाखवतं. तापमापकातला पारा दोन ठिकाणी तुटलेला. चामड्याला हात लावला की बोटांना तांबडी भुकटी लागते. घरच्यांनी फोनवर हवेचा दाब १००९ हेक्टोपास्कल पाहिला होता आणि मागचा स्क्रू फिरवून काटा ‘फेअर’च्या आसपास आणून ठेवायचं त्यांच्या मनात होतं. तो स्क्रू कुणी फिरवला नाही, हे फार चांगलं झालं. कारण पाचांतली पहिली तक्रार बहुतांशी दोषच नव्हता, आणि दुसरीतलं घड्याळाचं पुढे जाणं आणि तिसरी तक्रार ही एकाच कारणाची दोन रूपं होती.

काहीही उघडण्याआधी

पहिला दिवस फक्त वाचन आणि नोंदीचा. प्रत्येक काट्याची जागा, प्रत्येक स्क्रूच्या खाचेची दिशा, पेटीतल्या शिवणी, सगळ्यांचे फोटो. तापमापक आडवा न ठेवता उभाच. होकायंत्र घड्याळापासून दूर.

काळ ठरवायला दोन खुणा पुरल्या. घड्याळाच्या काट्यांत आणि आकड्यांवर तपकिरी पडलेला चकाकीचा रंग होता. अंधारात तो उजळत नाही, अतिनील दिवा लावला तर क्षणभर फिकट दिसतो आणि दिवा बंद करताच विझतो. हा रेडियमचा रंग. त्यातलं झिंक सल्फाइड थकून गेलं म्हणून उजेड गेला, पण रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं, म्हणजे किरणोत्सर्ग जवळपास पहिल्या दिवसाइतकाच शिल्लक. असा रंग १९१० च्या दशकापासून घड्याळांत सर्रास वापरात आला आणि १९६० च्या दशकात ट्रिटियमने त्याची जागा घेतली. पेटीची घडण, काचेच्या तासलेल्या कडा आणि इंचांतच आखलेली तबकडी पाहता हा संच दोन महायुद्धांमधला.

वय ठरवणं हौसेपुरतं नसतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं आणि त्याहून जुन्या कारागिरीच्या वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १९२० च्या दशकातला संच आज नेमका त्या उंबरठ्यावर आहे, त्यामुळे ‘दुरुस्तीला इंग्लंडला धाडू’ हा सल्ला सहज देण्यासारखा राहिलेला नाही. शिवाय पारा आणि रेडियम दोन्ही असलेलं पार्सल विमानाने पाठवणं ही वेगळीच अडचण.

रेडियमबाबत नियम थोडे पण कडक ठेवले. तबकडी आणि काटे फक्त बघायचे. रंग खरवडायचा नाही, पुन्हा भरायचा नाही, फुंकर मारायची नाही. काच निघाली तर हातमोजे आणि एन-९५ मास्क, खाली ओला टिश्यू अंथरलेला ट्रे, आणि काम संपल्यावर टिश्यू बंद पिशवीत. काच बसलेली असताना संच टेबलावर ठेवायला हरकत नाही. धोका आहे तो सुटी भुकटी पोटात किंवा श्वासात जाण्याचा.

बॅरोमीटर: अडकलेला की खरं बोलणारा?

ॲनरॉइड म्हणजे द्रव नसलेला. ल्युसियाँ विदी या फ्रेंच माणसाने १८४४ साली त्याचं पेटंट घेतलं. आत नागमोडी वळ्यांची पातळ पत्र्याची बंद डबी असते, आतली हवा बहुतेक काढून घेतलेली. बाहेरची हवा ती दाबायला बघते, एक जाड पोलादी पट्टी तिला ताणून धरते. दाब वाढला की डबी किंचित चेपते, कमी झाला की फुगते. ती सूक्ष्म हालचाल तरफांनी वाढवून, मग बारीक साखळीने काट्याच्या दांडीवर नेलेली असते.

आता पेच असा. डबीला बारीक भोक पडून आत हवा शिरली, तर पोलादी पट्टीला विरोध उरत नाही, डबी फुगते आणि काटा खालच्या टोकाला, ‘स्टॉर्मी’कडे जाऊन बसतो. म्हणजे ‘स्टॉर्मी’वर बसलेला काटा हे मेलेल्या डबीचं नेहमीचं लक्षण. जाणकार माणूसही हे पाहून बॅरोमीटर गेला म्हणेल.

पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. प्रमाण वातावरणात त्या उंचीवरचा दाब ९४८ हेक्टोपास्कलच्या आसपास येतो. तबकडीवरचे इंच म्हणजे तेवढ्या दाबाने उभ्या राहणाऱ्या पाऱ्याच्या स्तंभाची उंची. एक इंच पारा म्हणजे ३३.८६ हेक्टोपास्कल, तेव्हा ९४८ ला भागलं की जवळजवळ २८.० इंच. आणि इंग्लिश तबकडीवर शब्दांची मांडणी अशी: ३१ वर ‘व्हेरी ड्राय’, ३०.५ वर ‘सेट फेअर’, ३० वर ‘फेअर’, २९.५ वर ‘चेंज’, २९ वर ‘रेन’, २८.५ वर ‘मच रेन’ आणि २८ वर ‘स्टॉर्मी’. म्हणजे पूर्ण निरोगी, अचूक बॅरोमीटर पुण्यात ठेवला तर त्याने ‘स्टॉर्मी’च दाखवायला हवं, भर एप्रिलच्या कोरड्या दुपारीही.

मग फोनवरचे १००९ कुठून आले? हवामानाच्या ॲपमध्ये दाखवतात तो दाब समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो, गावागावांची तुलना करता यावी म्हणून. पुण्यात प्रत्यक्ष हवेचा दाब त्याहून साठ-पासष्ट हेक्टोपास्कलने कमी. ज्या फोनमध्ये दाबाचा सेन्सर असतो तो कच्चा आकडा देतो, पण त्यासाठी सेन्सर वाचणारं वेगळं ॲप लागतं. या दोन आकड्यांच्या गल्लतीने पुणे, नाशिक, कोल्हापूर, सातारा इथले जुने बॅरोमीटर बिघडवले जाऊ शकतात. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, ती इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते. ज्या शहरात रिक्षावालाही ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की बरोबर नेऊन सोडतो, तिथे बॅरोमीटरला समुद्रसपाटीचा आकडा दाखवायला लावणं मनाला लागतं.

डबी जिवंत आहे का हे बघायला हत्यारं लागत नाहीत. बॅरोमीटर पेटीतून सोडवून घट्ट बंद होणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला, पिशवीत हवा राहू दिली, तोंड बंद करून पिशवी हलकेच दाबली. काटा उजवीकडे सरकला, सोडल्यावर परत आला. डबी शाबूत. भोक पडलेली डबी या परीक्षेत जागची हलत नाही.

पुढचं मोजमाप एका छोट्या डिजिटल दाब-सेन्सरशी, तो बॅरोमीटरच्या शेजारी ठेवून. सेन्सर ९४९ हेक्टोपास्कल, म्हणजे २८.०२ इंच. बॅरोमीटर २७.७०. काचेवर बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारल्यावर काटा २७.८६ वर आला. या दोन आकड्यांचा अर्थ वेगवेगळा आहे. टिचकीने भरून आलेलं ०.१६ हे घर्षण, साखळी आणि दांडीच्या टोकांतलं मळलेलं तेल. टिचकीनंतरही उरलेलं ०.१६ ही खरी चूक, स्क्रूने सुधारायची. घर्षण तसंच ठेवून स्क्रूने पूर्ण ०.३२ भरून काढलं असतं, तर पुढच्या टिचकीला काटा ०.१६ ने पलीकडे गेला असता.

वाचनं एकाच मिनिटाला घ्यावीत. आपल्या अक्षांशांत हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला शिगेला, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला तळाला. हा रोजचा हेलकावा ३ ते ४ हेक्टोपास्कलचा, म्हणजे इंचाच्या दहाव्या हिश्शाएवढा. सकाळी दहाला सेन्सर पाहिला आणि दुपारी चारला स्क्रू फिरवला, तर बॅरोमीटरला नसलेला दोष चिकटला.

दुरुस्ती, आणि जिथे हात लावला नाही

काटा दोन्ही बाजूंनी सारखा उचलणाऱ्या हत्याराने काढला, तबकडी सोडवली. साखळीवर हिरवट चिकटा होता. ती जागेवरच, नॅफ्थामध्ये बुडवलेल्या मऊ कुंचल्याने धुतली, नंतर पातळ घड्याळी तेलाचा स्पर्श देऊन पुसून जवळजवळ कोरडी केली. दांडीच्या दोन टोकांना तेलाचा सुईच्या अग्राएवढा ठिपका. काट्याच्या दांडीवरची बारीक केसासारखी स्प्रिंग साखळी ताणून धरते. तिला तेल लागता कामा नये, वळ्या एकमेकींना चिकटतात.

डबी आणि पोलादी पट्टीच्या जोडाला मुद्दाम हात लावला नाही. पट्टी सुटी करताना डबीला आधार दिला नाही, तर बाहेरच्या हवेच्या दाबाने ती पापडासारखी चेपते आणि वळ्या कायमच्या वाकतात. तिथे काम करायचं तर आधी शिकंजा लागतो, आणि इथे त्या कामाचं कारणच नव्हतं.

साफसफाईनंतर टिचकीचा फरक ०.०२ वर आला. मग मागच्या स्क्रूला एका फेऱ्याच्या अष्टमांशाहूनही कमी वळण देऊन उरलेली चूक काढली. घरच्यांच्या मनाप्रमाणे २९.८० वर आणायचं असतं तर जवळजवळ दोन इंच सरकवावं लागलं असतं. तेवढ्याने तरफांचे कोन बदलतात, तबकडीचं एक टोक बरोबर तर दुसरं चुकीचं होतं, आणि काही बॅरोमीटरांत साखळी ढिली पडून उलटी गुंडाळते. घरात भिंतीवर लावायच्या बॅरोमीटरला स्थानिक उंचीप्रमाणे समुद्रसपाटीचा दाब लावून देतात हे खरं. पण हा प्रवासी बॅरोमीटर. त्याच्या कडेला फिरणारं उंचीचं कडं आहे, ० ते ८,००० फूट. उंची मोजायची तर काट्याने जागेवरचा खरा दाबच दाखवायला हवा. तबकडीवरच्या शब्दांपेक्षा त्या कड्याला मान देणं योग्य, असं ठरलं आणि घरच्यांनाही ते पटलं.

त्या शब्दांचंही थोडं सांगायला हवं. ते ॲनरॉइडच्या कितीतरी आधीचे, जुन्या पाऱ्याच्या बॅरोमीटरांवरून उतरलेले आणि ब्रिटनच्या हवेला बेतलेले. तिथे अटलांटिकवरून येणाऱ्या वादळी प्रणालींनी दाब दोन-तीन दिवसांत ३०-४० हेक्टोपास्कल सहज हलतो. ब्रिटनमध्ये हवामान अंदाज सुरू करणारे ॲडमिरल फिट्झरॉय तेव्हाच सांगत होते की शब्द कुठला आहे यापेक्षा काटा चढतोय की उतरतोय हे बघा. आपल्याकडे चक्रीवादळ सोडलं तर वर्षभराचा सगळा खेळ त्याहून लहान: जानेवारीत दाब वरचा, जून-जुलैत मोसमी पावसात खालचा, आणि दोन्हींत फरक साधारण दहा हेक्टोपास्कलचा. त्यामुळे पुण्यात या काट्याकडून पावसाची बातमी मिळवायची तर रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळी दहाला, एक नोंद करावी आणि कालच्या सकाळी दहाशी ताडून पाहावी.

घड्याळ आणि होकायंत्र एकत्र

उलटं झालेलं होकायंत्र पाहिलं की पहिला संशय चुंबकाचा. सुई आपोआप उलटी होत नाही, जवळच्या जोरदार चुंबकाने ती पुन्हा चुंबकित होते. विचारपूस केल्यावर कपाटाचा खण सापडला. संचाशेजारी मुलांच्या खेळण्यातले निओडिमियमचे गोल चुंबक होते. त्याच चुंबकांनी घड्याळाची हेअरस्प्रिंग, जिला घड्याळजी बाल कमानी म्हणतात, तीही चुंबकित केली होती. तिच्या वळ्या एकमेकींना ओढून चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे झुलणारं चाक, भराभर हलू लागतो. दिवसाला अकरा मिनिटं पुढे जाणं हे त्याचंच फळ. नुसती वेग कमी-जास्त करणारी रेग्युलेटरची कडी मागे ओढून एवढी चूक काढणं म्हणजे आजार झाकणं.

पडताळा सोपा: दुसरं छोटं चांगलं होकायंत्र चालत्या बॅलन्सच्या वर धरलं. त्याची सुई बॅलन्सच्या तालावर थरथरली. चुंबक नसता तर ती स्थिर राहिली असती.

इथे कामाचा क्रम चुकला की सगळं मुसळ केरात. घड्याळाचा चुंबकपणा काढणारी कॉइल होकायंत्राच्या सुईचंही चुंबकत्व घालवते, आणि होकायंत्राची सुई दुरुस्त करायला आणलेला चुंबक घड्याळाला पुन्हा बिघडवतो. म्हणून आधी होकायंत्र, तेही दुसऱ्या खोलीत. सुई काढून, चुंबकाचं दक्षिण टोक सुईच्या मध्यापासून निळ्या टोकाकडे एकाच दिशेने, दर वेळी उचलून, दहा-बारा वेळा ओढलं. ओढ जिथे संपते त्या टोकाला विरुद्ध ध्रुव मिळतो, म्हणजे निळं टोक उत्तर झालं. मग तो चुंबक घराबाहेर. त्यानंतर घड्याळ: कॉइल चालू करून घड्याळ तिच्यातून संथपणे हातभर लांब नेलं आणि मगच बटण बंद केलं. आत असतानाच बटण सोडलं तर घड्याळ आधीपेक्षा जास्त चुंबकित होऊन बाहेर येतं. ही चूक दुकानादुकानांत होते.

दुरुस्त झालेली सुई आता उत्तर दाखवत होती, पण तिचं दक्षिण टोक तबकडीला घासत होतं. याचं कारण लंडनमध्ये आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र लंडनला जमिनीशी सुमारे ६६ अंश खाली कललेलं, त्यामुळे तिथे सुईचं उत्तर टोक खाली झुकतं आणि कारागीर दक्षिण टोकाला वजन देऊन ती समतोल करत. पुण्यात हा कल निम्म्याहूनही कमी. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, म्हणूनच १९६३ साली भारतातलं अवकाश-संशोधनाचं पहिलं अग्निबाण उड्डाण केरळातल्या थुंब्याहून झालं. लंडनला बेतलेली सुई इथे दक्षिणेकडे जड पडणारच. या सुईवर वजनाची सरकती तार होती, ती मध्याकडे अर्धा मिलिमीटर सरकवल्यावर सुई समतल झाली. तार नसती तर उत्तर बाजूला लाखेचा बारीक ठिपका ठेवला असता. लाख हवी तेव्हा काढता येते, मूळ वजन तासलं की परत येत नाही. पुण्यात चुंबकीय आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आत आहे, तेव्हा त्यासाठी वेगळं गणित नको. पेटीतल्या घड्याळाच्या पोलादाने मात्र सुई दोनेक अंश हलते. नेमकी दिशा हवी तर पेटी पूर्ण सपाट उघडावी.

तिसऱ्या दिवशी थांबण्याचा प्रश्न वेगळा. चुंबकपणा गेल्यावर घड्याळ वेळ बरी दाखवू लागलं, पण थांबायचं तसंच थांबलं. उघडण्याआधी मेन स्प्रिंगचा, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या मुख्य कमानीचा, ताण सोडला: चावी हातात घट्ट धरून, खटका बाजूला करून, अर्धा-अर्धा फेरा. ताण न सोडता चाकं धरून ठेवणारा पूल काढला तर चाकांचे दात उडतात.

आत तेल वाळून राळेसारखं झालेलं. ते एकटंच कारण नव्हतं. मेन स्प्रिंग तिच्या गोल डब्यातून काढून टेबलावर मोकळी सोडली तेव्हा डब्याच्या व्यासाच्या जेमतेम दुप्पट उघडली. दमदार स्प्रिंग तीन-चार पट तरी पसरते. जुन्या कार्बन पोलादाची स्प्रिंग वर्षानुवर्षं गुंडाळून थकते. पहिले दोन दिवस तिचा जोर पुरतो, नंतर वाळलेल्या तेलापुढे हरतो.

नवी स्प्रिंग निवडताना रुंदी, जाडी, लांबी आणि डब्याचा आतला व्यास मोजला, जाडी मायक्रोमीटरने शंभरांश मिलिमीटरपर्यंत. एवढी काटेकोरी का, तर स्प्रिंगचा जोर जाडीच्या घनाने वाढतो: जाडी १० टक्के जास्त घेतली की जोर ३३ टक्के चढतो. मळलेलं घड्याळ जाड स्प्रिंगच्या जोरावर ‘चालू करून देणं’ ही जुनी खोड, आणि त्याचा हिशेब चाकांच्या टोकांना आणि छिद्रांना झिजून चुकवावा लागतो.

सगळे भाग सुटे करून धुतले: आधी घड्याळाच्या धुण्याच्या द्रावणात, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये. पॅलेट (एस्केप चाकाला दातादाताने अडवणारा-सोडणारा तुकडा) आणि बॅलन्स मात्र वेगळे. पॅलेटचे खडे आणि बॅलन्सखालचा छोटा खडा लाखेने बसवलेले असतात, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते आणि खडे सरकतात. ते दोन भाग फक्त नॅफ्थामध्ये धुतले. तेलं तीन-चार प्रकारची, जागेप्रमाणे: बॅलन्सच्या टोकांना आणि एस्केप चाकाला मोबियस कंपनीचं ९०१०, मधल्या जड चाकांना आणि डब्याच्या दांडीला डी-५, पॅलेटच्या खड्यांच्या तोंडाला ९४१५, मेन स्प्रिंगला ८२०० चं पातळ बोट. पॅलेटच्या दांडीची टोकं कोरडीच. जास्त तेल घातलं तर ते पसरून निघून जातं आणि जागा कोरडी पडते, हे नवशिक्यांना पटायला वेळ लागतो.

बॅलन्सचा ताल ताशी १८,००० टिकटिक. जोडणीनंतर पूर्ण चावीवर आणि सातव्या दिवशी अशी दोनदा मोजणी केली, उभ्या आणि आडव्या स्थितीत. पेटी टेबलावर उभी राहते, म्हणून उभ्या स्थितीला धरून वेळ लावली. आठवड्याला दोन मिनिटांच्या आत फरक आला. या जातीच्या घड्याळाकडून त्याहून जास्त मागू नये. चावी दर रविवारी द्यावी, आठव्या दिवसाची वाट पाहू नये; शेवटच्या दिवशी स्प्रिंग ढिली पडते आणि घड्याळ मागे रेंगाळतं.

तापमापक

थोडक्यात आटोपलं. नळी चांदीच्या मुलाम्याच्या पट्टीवर दोन तारांनी धरलेली, तारा अलगद सोडवल्या. तीन वाटे बर्फाचा चुरा आणि एक वाटा मीठ या मिश्रणात फक्त नळीच्या तळाचा पाऱ्याचा फुगा बुडवला. पारा आकसत फुग्यात उतरला, तुटलेले तुकडे मागोमाग आले, आणि जाड रुमालावर उभी धरून हलके ठोके दिल्यावर एक झाले. पारा उणे ३९ अंश सेल्सियसच्या आसपास गोठतो, बर्फ-मिठाचं मिश्रण तिथवर जात नाही, म्हणून ही रीत सुरक्षित. तापवून धागा जोडायचा उपाय या नळीला चालणार नाही. तिची पट्टी १२० अंश फॅरेनहाइटला संपते, वर मोकळी जागा नाही, उकळत्या पाण्यात फुगा फुटतो.

नंतर दोन ठिकाणी तपासणी: वितळत्या बर्फात ३२ अंश, आणि अंगाच्या तापमानाच्या कोमट पाण्यात डिजिटल तापमापकाशेजारी. चूक एक अंश फॅरेनहाइट, पट्टी केसभर सरकवून काढली. नळी कधी फुटलीच तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. खिडक्या उघडाव्यात, थेंब कागदाने गोळा करून ड्रॉपरने बाटलीत, वर पाणी, घट्ट झाकण.

चामडं आणि मुलामा

तांबडी भुकटी म्हणजे चामड्याचा ‘रेड रॉट’. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं शहरी हवेतल्या गंधकाच्या वायूंनी आम्लधर्मी होतं आणि त्याचे तंतू तुटतात. घरोघरी यावर तेल चोळतात. तेलाने रंग काळवंडतो, तंतू जोडले जात नाहीत, आणि पुण्याच्या श्रावणात त्यावर बुरशी चढते. इथे हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचं दोन टक्के द्रावण अल्कोहोलमध्ये करून मऊ कुंचल्याने दोन पातळ हात दिले, मध्ये एक दिवस वाळवून. भुकटी थांबली. चामडं नव्यासारखं होत नाही आणि तसं करायचा हट्टही धरला नाही. सुटलेली बिजागरीची पट्टी आतून जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने पक्की केली.

तबकडीच्या मुलाम्यावर काळे डाग आहेत, ते तसेच ठेवले. तो मुलामा चांदीच्या क्षाराची पूड हाताने घासून दिलेला, अतिशय पातळ. चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पावडर लागली की क्षणात पितळ उघडं पडतं, आणि कोरलेल्या आकड्यांतलं काळं मेणही निघतं. पितळी कड्या किंचित साबणाच्या पाण्याच्या बोळ्याने पुसल्या, लगेच कोरड्या केल्या.

सिंहगडावरची परीक्षा

शेवटची चाचणी घरात न घेता डोंगरावर घेतली. घर सुमारे ५६० मीटरवर, गडाचा माथा सुमारे १,३०० मीटरवर. उंचीचं कडं एअरी या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाच्या पट्टीचं, ३१ इंचांवर शून्य फूट. निघताना शून्य आपल्या काट्याखाली फिरवून घ्यायचा मोह होतो, तो आवरावा. पट्टीची विभागणी सारखी नसते: ३१ ते ३० या इंचात सुमारे ८९० फूट, २६ ते २५ मध्ये सुमारे १,०७०. कडं फिरवलं की वाचन चुकतं. शून्य ३१ वरच ठेवून दोन वाचनांची वजाबाकी करायची.

घरी कड्यावर २,७५० फूट, गडावर टिचकीनंतर ५,०५०. फरक २,३०० फूट, म्हणजे सुमारे ७०० मीटर. चाळीस मीटर कमी. हा बॅरोमीटरचा दोष नव्हे. एअरीची पट्टी सरासरी ५० अंश फॅरेनहाइटला धरून आखलेली आहे. नियम असा: दोन्ही ठिकाणच्या तापमानांची बेरीज १०० हून जितके अंश जास्त, तितके हजारांश उंचीत मिळवायचे. घरी ८४, गडावर ७७, बेरीज १६१, म्हणजे ६१ हजारांश. २,३०० मध्ये १४० मिळवले, २,४४० फूट, सुमारे ७४४ मीटर. तापमापक, बॅरोमीटर आणि घड्याळ एकाच पेटीत का बसवले, ते इथे कळतं: तापमानाशिवाय उंची चुकते, आणि वेळेच्या नोंदीशिवाय दाबाचा रोजचा हेलकावा वजा करता येत नाही. सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्या वेळात नुसता तो हेलकावाच नव्वदेक फुटांची चूक घालू शकतो. म्हणून परत आल्यावर घरी पुन्हा वाचन घेतलं. ते २,७७० फूट होतं. वीस फुटांचा हा फरक दोन वाचनांत विभागून धरला.

पेटीत आता सिलिका जेलची एक पुडी आहे आणि झाकणाच्या आत मऊ कागदावर शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: पुण्यात योग्य वाचन २८ च्या आसपास, मागचा स्क्रू फिरवू नये, खणात चुंबक ठेवू नये, चावी रविवारी.